देवाने माफ केलं म्हणजे माझा हिशेब मिटला का?

पायरीवरचा
विषय थोडा नाजूक आहे आणि मी स्वतः ख्रिस्ती नाही, तेव्हा एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. सही करताना दोन मिनिटं पण विचार केला नाही, कॉलेजपासूनचा दोस्त, त्यात विचार कसला करायचा. दीड वर्षात त्याने हप्ते थांबवले, नंबर बदलला, गायब झाला, आणि मग जे होतं तेच झालं, बँक माझ्या मागे. सात वर्षं मी ते हप्ते भरले. एका निळ्या डायरीत प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम लिहून ठेवलीये. का लिहिली सांगता येणार नाही, बहुतेक राग शिळा होऊ नये म्हणून.

गेल्या महिन्यात अचानक त्याचा फोन. रडत होता. म्हणाला मी विश्वासात आलो, प्रभूने माझी सगळी पापं धुऊन टाकली, मी आता मोकळा झालो रे, तू पण मनात काही ठेवू नकोस. वीसेक मिनिटं बोलला असेल. त्यात पैशातला प नाही. त्याचं रडणं खोटं नव्हतं, तेवढं मी ओळखतो त्याला, आणि म्हणूनच जास्त डोक्यात गेलं. फेडलं मी आणि मोकळा कोण झाला, तर तो!

तर विचारायचंय एवढंच, की ख्रिस्ती धर्मात कृपा, तारण, पापक्षमा म्हणतात ते खरंच असं असतं का? देवाशी मिटलं की माणसाशी आपोआप मिटतं? टवाळी नको प्लीज, जाणकारांनी सांगावं.

थांबाजरा
मिटतं ना, हीच तर स्कीम आहे. नुकसान तुझं, माफी वरून, आणि तू प्रेक्षकात. कर्माच्या सिद्धांतात निदान केलेलं भोगून तरी संपवावं लागतं.

निळीशाई
टवाळी नको असं लिहिलंय वर त्यांनी :)

मी ख्रिस्ती घरातली, लहानपणापासून संडे स्कूल आणि नंतर तिथेच बरीच वर्षं शिकवलं पण, तेव्हा आमच्या बाजूने सांगते. कृपा म्हणजे न कमावलेली मेहेरबानी. पौल, म्हणजे येशूचा एक प्रेषित, त्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, तो रोमकरांना लिहितो त्यात दोन शब्द मुद्दाम समोरासमोर ठेवलेत, पापाचं *वेतन* मरण आहे पण देवाचं *दान* सार्वकालिक जीवन आहे. वेतन म्हणजे काम केलं त्याचा मोबदला, हक्काचा. दान हक्काचं नसतं. इफिसकरांच्या पत्रात तर कारणही दिलंय, हे कर्मांनी झालेलं नाही, म्हणजे कोणाला आढ्यता मिरवायला जागा नको. तर तुमच्या मित्राने काही न फेडता त्याला क्षमा मिळाली असं तो म्हणतो, ते आमच्या शिकवणुकीप्रमाणे बरोबरच आहे. ऐकायला कडू लागेल, पण आहे तसं आहे.

पण त्याच पौलाला लोक तेव्हाच विचारत होते की मग काय, कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का? थांबाजरा, तुमचा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे बरं. पौलाचं उत्तर, कधीच नाही. आणि डीट्रिख बॉनहॉफर म्हणून जर्मन पाळक होता, हिटलरला विरोध केला म्हणून १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी दिलं त्याला, त्याने १९३७ साली अशा क्षमेला नाव दिलं 'स्वस्त कृपा'. पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा. तो चर्चबाहेरच्यांवर नाही, चर्चमधल्या लोकांवरच चिडला होता.

तुमचा मित्र कुठल्या खात्यात बसतो ते एका फोनवरून मी नाही सांगू शकत.

जुनाचष्मा
निळीशाई ताईंनी प्रॉटेस्टंट बाजू छान मांडली. मी कॅथलिक, वय झालेला माणूस, सावकाश टाइप करतो, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पापनिवेदनाचा संस्कार असतो, जुनी माणसं कुमसार म्हणतात. लोकांना वाटतं की फादरच्या कानात सांगितलं, चार प्रार्थना म्हटल्या, सुटलो. तसं नाही. त्यात मनापासून पश्चात्ताप पाहिजे, पाप बोलून दाखवलं पाहिजे, आणि तिसरी गोष्ट भरपाई, तीच लोक विसरतात. चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा साफ करायचं. चर्चच्या शिकवणुकीत हे स्पष्ट आहे की क्षमेने पाप जातं पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप दुरुस्त होत नाही. मी तरुणपणी एकदा एका माणसाबद्दल खोटं बोललो होतो, कामाच्या ठिकाणी. फादरनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे तू कुणाकुणापुढे बोललास? मी म्हटलं तिघांपुढे. म्हणाले मग त्या तिघांकडे जाऊन ये. प्रार्थनांचं नंतर बोलले. त्यातल्या तिसऱ्याच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा माघारी आलो होतो.

थांबाजरा
जुनाचष्मा काका हे आवडलं. पण तुमच्याच चर्चने पैसे घेऊन क्षमापत्रं विकली होती ना?

जुनाचष्मा
विकली. लाज वाटण्यासारखंच आहे ते. त्यावरून १५१७ मध्ये मार्टिन लूथरने ९५ मुद्दे लिहिले. त्यातला पहिलाच मुद्दा वाचण्यासारखा आहे, की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं ही प्रभूची इच्छा आहे. म्हणजे एका फोनमध्ये आटोपायची गोष्ट नाही ती. पुढे विश्वास एकटा पुरे की कर्मंही हवीत यावरून दोन्ही बाजू इतक्या भांडल्या की आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये एकमेकांचे दोर कापल्यासारखंच केलं. आणि मग १९९९ मध्ये, लूथरच्या त्या मुद्द्यांच्याच तारखेला, ३१ ऑक्टोबरला, लूथरन महासंघ आणि व्हॅटिकनने एकत्र सही करून टाकली की मूळ मुद्द्यावर आपलं एकमत आहे, माणूस कृपेनेच स्वीकारला जातो, स्वतःच्या पुण्याईने नाही, आणि तो स्वीकार त्याला चांगल्या कामाला लावतो. साडेचारशे वर्षं गेली. असो.

मधलीफळी
यावरून आठवलं, वैष्णवांमधला माकड न्याय आणि मांजर न्याय. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबकळतं, आईच तोंडात धरून नेते. देव तारतो तेव्हा आपण धरायचं की त्याने उचलायचं? दक्षिणेतले श्रीवैष्णव यावरून दोन पंथात विभागले गेले. ख्रिस्ती लोकांतही अगदी हेच, पेलेजियस म्हणायचा माणूस मनावर घेईल तर पाप टाळू शकतो, ऑगस्टीन म्हणाला नाही, हात धरायची ताकदसुद्धा देवच देतो, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेत पेलेजियसचं मत बाद झालं. मग १६१८-१९ ला हॉलंडमध्ये डॉर्टला पुन्हा तोच वाद, कॅल्विनवाले विरुद्ध आर्मिनियसवाले...

थांबाजरा
अवांतर! धागाकर्त्याच्या डायरीवर या परत.

हिशेबनीस
डायरीवरच येतो. मी आकड्यांचा माणूस, धार्मिक नाही, पण बायबलात मत्तयच्या १८ व्या अध्यायातला येशूचा दाखला मला कायम आवडतो कारण त्यात हिशेब आहे.

राजाचा एक नोकर दहा हजार तालांत देणं लागतो. राजा माफ करतो. नोकर बाहेर पडतो, त्याला त्याचा सोबती भेटतो जो त्याचे शंभर दीनार देणं लागतो, हा त्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे शंभर दीनार तीन-चार महिन्यांची मजुरी झाली, काही फालतू रक्कम नाही हां, आणि दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. अजून एक, त्या काळचा हेरोद अंतिपा, गालील आणि पेरिया दोन्ही मिळून त्याचं वर्षाचं उत्पन्न २०० तालांत असं योसेफस हा त्या काळचा ज्यू इतिहासकार लिहितो. म्हणजे एका नोकराचं देणं एका राजाच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढं!! ऐकणारे हसलेच असतील. ते देणं फिटणारं नाही हे कळावं म्हणूनच आकडा एवढा घेतलाय. आणि नोकर राजाला काय म्हणतो, तर मला थोडी मुदत द्या, सगळं फेडतो. दोन लाख वर्षांची मुदत.

पायरीवरचा
हे जबरदस्त आहे. पण मग यात मी कोण? मित्राला राजाने सोडलं, आणि मी आता त्याच्याकडे माझे शंभर दीनार मागायचे तर गळा धरणारा नोकर मी होतो का? मला हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग दोन मिनिटांनी घाम फुटला.

हिशेबनीस
नाही, माझ्या मते नाही. दोष दिला तो गळा धरला म्हणून, आणि सोबत्याने अगदी तेच शब्द वापरून मुदत मागितली तरी तुरुंगात टाकलं म्हणून. देणं होतं हे तर दाखल्यात कुणीच नाकारत नाही. तुमच्या मित्राने मुदत मागितली का? देणं आहे असं तरी म्हणाला का?

निळीशाई
हिशेबनीस, भारीच. यात एक भर घालते, मला ही गोष्ट बऱ्याच उशिरा कळली. राजाने कर्ज माफ केलं म्हणजे ते हवेत विरलं असं नाही. तेवढी रक्कम राजाच्या खजिन्यातून गेली. क्षमा कधीच फुकट नसते, घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याच्या खिशातून जाते. आमचा वधस्तंभावरचा विश्वास थोडक्यात हाच आहे, की ते देणं कुणीतरी भरलं.

आणि पायरीवरचा, तुमची पोस्ट वाचल्यापासून मला एक ओळ छळतेय. इब्री लोकांस पत्रात सातव्या अध्यायाच्या २२ व्या ओवीत येशूला काय म्हटलंय माहितीये? अधिक चांगल्या कराराचा *जामीन*. मूळ ग्रीक शब्दही तोच, दुसऱ्याच्या देण्याला बांधील राहणारा. मी ही ओवी शंभर वेळा वाचली असेल पण जामीन म्हणजे काय ते आज तुमच्या हप्त्यांमुळे कळलं. कलस्सैकरांच्या पत्रातही आहे, आपल्याविरुद्धचा ऋणलेख त्याने खिळे ठोकून वधस्तंभावर लावला. ऋणलेख म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं कर्जाचं कबुलीपत्र. सहीचा कागद.

तुमचा मित्र ज्या कृपेबद्दल बोलतोय ती नेमकी काय असते हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. तुम्ही ती सात वर्षं दरमहा भरलीये. मनाविरुद्ध का असेना.

पायरीवरचा
...हे वाचून जरा वेळ स्क्रीन बंद करून ठेवली होती. मनाविरुद्ध हा शब्द महत्त्वाचा आहे पण. त्याने, म्हणजे येशूने, स्वतःहून भरलं असं तुम्ही मानता. मला कोणी विचारलं नव्हतं.

निळीशाई
हो. तो फरक आहे आणि तो मोठा आहे. मी पुसत नाहीये तो.

थांबाजरा
मी सिरियसली एक विचारतो. देवाला माफ करायचा अधिकार कुठून आला? बायबलमधल्या दावीद राजाचं घ्या. बथशेबेला घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवलं. आणि मग ५१ व्या स्तोत्रात देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलंय. केवळ?! उरीयाला विचारा की. तो मेलाय. हे मला कधी पटलं नाही आणि पटणारही नाही. ज्यूंच्या मिश्नामध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, तर साफ लिहिलंय की माणसाने देवाविरुद्ध केलेलं प्रायश्चित्ताच्या दिवशी धुतलं जातं, पण माणसाने माणसाविरुद्ध केलेलं नाही, आधी त्या माणसाची समजूत घाल. हे मला सरळ वाटतं.

जुनाचष्मा
मलाही उरीया टोचतो. चाळीस वर्षं टोचतोय. उत्तर नाही, एवढंच म्हणेन की गोष्ट सांगणाऱ्याने उरीयाचं नाव खोडलं नाही. मत्तयने येशूची वंशावळ दिलीये त्यात बथशेबेचं नावच नाही, तिथे लिहिलंय 'उरीयाची बायको'. इतक्या पिढ्यांनंतरही तिला उरीयाचीच म्हटलंय.

आणि मिश्नाचं म्हणालात ते येशूने डोंगरावरच्या प्रवचनात जवळपास तसंच सांगितलं, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. कुणाच्या मनात आहे ते बघा. भावाच्या. म्हणजे तुमच्या मित्राला वेदीपाशी जाऊन उठून यायला सांगितलंय.

खिडकीपाशी
बरेच दिवस फक्त वाचते इथे, आज लिहिते.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, धाकटा हिस्सा घेऊन जातो, उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. मी मोठी मुलगी. धाकटा निघून गेला आणि आईवडिलांचं सगळं, औषधं दवाखाने रात्री बेरात्री, मी केलं, आणि तो परत आला तेव्हा आईने त्याच्यासाठी जे केलं ते माझ्यासाठी कधीच केलं नव्हतं. त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून मोठ्या भावाच्या बाजूने ऐकते. "मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा दिलं नाहीस." मला त्याचं पाठ आहे. आणि तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुझा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात हळूच दुरुस्त करतो, 'हा तुझा भाऊ'.

पण एक गोष्ट मला अलीकडे दिसली. धाकटा परत येताना भाषण पाठ करून येतो. मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायची लायकी नाही, मला एका मजुरासारखा ठेव. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्यं म्हणतो. तिसरं, मजुराचं, म्हणतच नाही! बाप आधीच पळत आलेला असतो आणि झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा सुरू झालेलं असतं. मजुरी करून फेडायचा त्याचा प्लॅन बापाने ऐकूनच घेतला नाही. लोक इथे रडतात. मला राग यायचा, ऐकून घ्यायला काय झालं होतं?

गोष्ट संपते तेव्हा मोठा भाऊ अजून बाहेर अंगणात उभा आहे. आत गेला की नाही लिहिलेलंच नाही. मी पण तिथेच आहे म्हणा.

आडवाटेचा
@खिडकीपाशी, 🙏

दोन गोष्टी टाकून जातो. 'अमेझिंग ग्रेस' हे प्रसिद्ध ख्रिस्ती भजन लिहिणारा जॉन न्यूटन. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला आणि देवाचा धावा केला, तो त्याचा कलाटणीचा दिवस म्हणतात. बरेच जण असं सांगतात की त्याने लगेच गुलामांचा धंदा सोडला. सोडला नाही. नंतर तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान झाला, १७५४ पर्यंत, तेही तब्येतीमुळे थांबला. त्या धंद्याविरुद्ध जाहीर माफीसकट पत्रक छापलं १७८८ मध्ये. तारण एका रात्रीत, समज यायला चाळीस वर्षं. तुमच्या मित्राला एकच महिना झालाय.

दुसरं, पोप जॉन पॉल दुसरे. १३ मे १९८१ ला मेहमेत अली आगजाने गोळ्या घातल्या, चार दिवसांनी दवाखान्यातूनच त्यांनी माफ केल्याचं सांगितलं, १९८३ च्या डिसेंबरमध्ये तुरुंगात जाऊन त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. पण आगजा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. माफ केलं म्हणजे कोठडीचं दार उघडलं असं नाही. मनातला राग सोडणं आणि देणं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एक करून दुसरी ठेवू शकता.

निळीशाई
आणि बायबलमधला जक्कय! तो कसा राहिला. जकातदारांचा मुख्य, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू त्याला म्हणतो खाली उतर, आज मी तुझ्या घरी राहणार. हिशेब विचारत नाही, अट घालत नाही. जक्कय स्वतःच उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. तेव्हा येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. आधी कृपा, मग चौपट. फेडलं म्हणून स्वीकारलं नाही, स्वीकारलं म्हणून हात आपोआप खिशाकडे गेला. हात खिशाकडे जातच नसेल तर मग थांबून विचारायला हवं की काय मिळालंय नक्की.

थांबाजरा
चौपट. हे मान्य आहे मला :D

पायरीवरचा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं काही मिळेल वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

काल त्याला फोन केला. वाद घालायचा नाही असं ठरवून केला. म्हटलं तू देवाचं सांगितलंस ते मी ऐकलं, आता माझं ऐक, आणि सात वर्षांचं सांगितलं. मुलीच्या फीचं, बायकोशी झालेल्या भांडणांचं, बँकेच्या फोनला घाबरून मोबाईल उशीखाली ठेवायचो त्याचं. मग जक्कयचं विचारलं. तो गप्प. मला वाटलं कट झाला. मागे पंखा चालल्याचा आवाज येत होता म्हणून कळलं की आहे. बऱ्याच वेळाने म्हणाला, मला वाटलं पैशाचं काढलं तर तू फोन ठेवशील. आणि मग विचारलं, एकूण किती झाले रे?

नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

रात्री डायरी काढून बेरीज केली, दोनदा केली, हिशेबनीस स्टाईल. मेसेजमध्ये आकडा टाइप करून ठेवलाय. अजून पाठवला नाही. का पाठवत नाहीये ते मलाच कळत नाहीये.

खिडकीपाशी
मला कळतंय.

थांबाजरा
पाठव रे.